माफी मुश्किल आणि चार रेडिमेड रायफली

विषय: चार रायफली निवडणे.

निवडणारा: सदानंद, म्हणजे मी. वय अठ्ठावन्न, चष्मा जाड, उजवा गुडघा दुखरा, शाकाहारी.

कोणासाठी: अरबाब सुहैल, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम रास अल खैमा. अरबाब म्हणजे मालक. इथे सगळेच असं म्हणतात आणि सत्तावीस वर्षांत मीही दुसरं काही म्हटलेलं नाही.

पूर्वानुभव: हा रकाना मी तीनदा भरला आणि तीनदा खोडला.

पहिल्यांदा लिहिलं, 'नाही.' मग वाटलं, अगदीच नाही असं कसं. इकडे येण्याआधी मी कुडाळच्या कचेरीत चार वर्षं कारकून होतो. निवडणूक लागली की गावोगावच्या डुकरं हाकलायच्या बंदुका सरकार जमा करून घ्यायचं आणि त्यांच्या याद्या माझ्याकडे यायच्या. नाव, गाव, परवाना क्रमांक, नळी एक की दोन. म्हणून खोडून लिहिलं, 'शेकडो बंदुका हाताळल्या.' ते खोटं होतं. म्हणून तिसऱ्यांदा लिहिलं, 'शेकडो बंदुका लिहिल्या.'

शोभना, माझी बायको, मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "अहो, हे तर आणखीच वाईट दिसतंय."

खोडलं.


आधीच्या नऊ

अरबाबांकडे आधी नऊ रायफली होत्या. सगळ्या मापाने शिवून घेतल्यासारख्या. ऑस्ट्रियाहून एक म्हातारा कारागीर यायचा, अरबाबांच्या हाताची, मानेची, खांद्याची मापं घ्यायचा, आणि दोन-तीन वर्षांनी अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची एक रायफल पाठवायचा. एकीचं नाव अरबाबांनी 'खाला' ठेवलं होतं. खाला म्हणजे मावशी. गोळी सुटली की ती खांद्याला अशी ढोसायची, जणू विचारते आहे, जेवलास का नीट.

शिकारीला अरबाब किरगिझस्तानला जायचे, नामिबियाला जायचे. परवाने, तिकिटं, कस्टमचे कागद माझ्याकडे. परत आले की गुरुवारी सह्या झाल्यावर ते मला गोष्ट सांगायचे. मी समोर बसून खजूर खात ऐकायचो. पहिल्या वर्षी एका गोष्टीत हरीण पडलं तेव्हा मी हातातला खजूर ताटलीत ठेवला. अरबाबांनी ते पाहिलं. त्यानंतर सव्वीस वर्षांत माझ्यासमोर त्यांच्या हातून एकही जनावर मेलं नाही. कधी वारा फिरला, कधी धुकं आलं, कधी खालाला शिंक आली. सगळी जनावरं पळाली. मला माहीत होतं, भिंतीवर शिंगं होती. पण आम्ही दोघं त्यावर बोललो नाही.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल. वाळवंटात दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात पडला, तो. डोंगराकडून पाणी आलं आणि अरबाबांच्या घरामागच्या खालच्या खोलीत शिरलं. सहा पायऱ्या उतरून ती खोली. किल्ली माझ्याकडे. आत एका बाजूला लोखंडी कपाटात नऊ रायफली, दुसऱ्या बाजूला मांडणीवर तेहतीस फाइली.

मी तीन फेऱ्या मारल्या.

पहिल्या फेरीत अकरा फाइली. पाणी घोट्याला.

दुसऱ्या फेरीत अकरा फाइली. पाणी गुडघ्याला.

तिसऱ्या फेरीत अकरा फाइली. पाणी कमरेला, आणि कपाटाचं दार आता उघडेना.

अरबाब त्या दिवशी अबुधाबीत अडकले होते. चार दिवसांनी रस्ता झाला आणि ते आले. तोवर मी सगळे कागद गच्चीवर दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून वाळवले होते. नऊही रायफलींचे परवाने. नऊही आयातपत्रं. एक अक्षर पुसलं नव्हतं.

रायफली मात्र अक्रोड फुगून, नळ्या गंजून, कपाटातच मेल्या होत्या. ऑस्ट्रियाला फोटो पाठवले. म्हाताऱ्या कारागिराचं उत्तर आलं: भिंतीला चालतील.

तुम्ही विचाराल, कागद का? मलाही सगळ्यांनी विचारलं. मी काय सांगू. ज्या माणसाने आयुष्यभर पाहिलंय की कागद आहे तर माणूस आहे, कागद संपला की माणूस विमानात, त्याच्या हातांना पाण्यात दुसरं काही दिसलं नाही. वस्तू काय, कागदावरून पुन्हा करता येते असं हातांना वाटलं असावं.


वाक्य

अरबाब गच्चीवर आले. दोरीवर वाळणाऱ्या परवान्यांकडे त्यांनी पाहिलं. ड्रायव्हर हमदुल्ला दोरीपलीकडे, कागदांआड उभा होता. अरबाब म्हणाले, "ये सब कागज है?"

मी म्हटलं, "जी अरबाब."

ते म्हणाले, "माफी मुश्किल."

मग म्हणाले, "यल्ला," आणि खाली गेले.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. गल्फमध्ये आलेला माणूस सामान ताब्यात घ्यायच्या आधी हे दोन शब्द शिकतो. अरबीत माफी म्हणजे नाही. मुश्किल म्हणजे अडचण. माफी मुश्किल: काही अडचण नाही, होऊ दे, चालतंय. दिवसातून चाळीस वेळा ऐकू येतं. टॅक्सीवाला, बँकवाला, दवाखान्यातली नर्स.

पण अरबाब हिंदी बोलतात. त्यांच्या पिढीतले बरेच जण बोलतात, आणि माझ्याशी तर हिंदीच जास्त. आणि हिंदीत माफी म्हणजे माफी, मुश्किल म्हणजे अवघड.

आधीचं वाक्य हिंदी होतं. नंतरचं 'यल्ला', म्हणजे चला, अरबी. मधलं कुठलं?

मी हमदुल्लाला विचारलं. तो पेशावरचा, अरबाबांकडे एकोणीस वर्षं. त्याने गाडी पुसता पुसता विचार केला. "सदा भाई, हाथ कैसा था? हाथ खुला था तो अरबी. हाथ बंद था तो हिंदी."

"हाथ जेब में था."

"फिर अल्ला जाने."

आमची मुलगी शुभ्रा दुबईत नोकरी करते. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क हिम."

"असं विचारतात का?"

"व्हाय नॉट?"

ह्याचं उत्तर मला इंग्रजीत येत नाही आणि तिला मराठीत कळत नाही.

व्हिसा वेळेवर झाला. ईदला शोभनासाठी मिठाई आली. गुरुवार चालू राहिले, सह्या चालू राहिल्या, ताटलीत खजूर चालू राहिले. गोष्टी थांबल्या. सही झाली की अरबाब पेनाला टोपण लावायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मी खजूर खायचो. सोळा महिने मी खजूर खात होतो आणि मला माहीत नव्हतं की मला माफ केलंय की नाही.


हुकूम

ऑगस्टच्या एका गुरुवारी टोपण लावून झाल्यावर अरबाब म्हणाले, "सादा."

ते मला सादा म्हणतात. सदानंद हे लांब पडतं.

"चार बंदूक लेना है. नया."

मी वही काढली. "ऑस्ट्रिया को फोन करूं, अरबाब?"

"नहीं. ऑर्डर वाला नहीं. दुकान वाला. जो कारखाने में बनता है, सब एक जैसा, डिब्बे में आता है."

मी लिहिणं थांबवलं. अरबाबांचा बूटसुद्धा डब्यात येत नाही.

ते म्हणाले, "ऑर्डर दूंगा तो तीन साल लगेगा. इस उमर में अल्ला को तारीख नहीं देते." मग थोडं थांबून, "और तुम चुनो."

"मैं?"

"हां. चार. दो हफ्ता. फिर अबुधाबी जाएंगे, दुकान में. तुम बताओगे कौन सा, मैं पैसा देगा."

घरी येऊन शोभनाला सांगितलं. तिने गॅस बारीक केला. "परीक्षा घेतायत तुमची."

"कसली?"

"ते पास झालात की कळेल."


बायोडाटा

माणूस निवडतो कसा? मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी निवडल्यात. शोभना आईने निवडली, फ्लॅट शोभनाने, गाडी अरबाबांनी. पण महाराष्ट्र मंडळात सहा वर्षं वधूवर सूचक यादी मी सांभाळलीय. तोच साचा घेतला.

नाव: फिनलंडची.
जन्म: कारखान्यात, थंड प्रदेशात.
उंची: साडेत्रेचाळीस इंच.
वजन: दोन किलो नऊशे.
वर्ण: काळा दस्ता, स्टीलची नळी, उजळ.

"उजळ लिहू नका," शोभना म्हणाली. "हल्ली चालत नाही."

"अगं, रायफल आहे."

"सवय लागते. खोडा."

स्वभाव: शांत. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, लोण्यासारखा सरकतो असं तीन जणांनी यूट्यूबवर सांगितलं. तिघांनीही 'लोण्यासारखा' हाच शब्द वापरला, त्यामुळे संशय येतो.
दस्ता: प्लास्टिक. पाण्यात फुगत नाही.

इथे माझं पेन थांबलं. 'पाण्यात फुगत नाही' हे लिहायचं का? लिहिलं तर जखमेवर बोट. नाही लिहिलं तर एवढी महत्त्वाची गोष्ट लपवली. शेवटी लिहिलं, 'हवामानास योग्य.'

नाव: जर्मनीची.
घराणं: जुनं. मोठ्या घरातली धाकटी. थोरल्या बहिणी महाग, ही साधी, पण नाक तेच.
अपेक्षा: फार नाहीत.

नाव: झेकची.
उंची: किंचित कमी.
विशेष: दस्ता लाकडी, बीच वृक्षाचा. सासरी पूर येत नसल्यास उत्तम.

ही ओळ मी लिहिली नाही. शोभनाने लिहिली, मी झोपल्यावर. ती पाठवायच्या आधी सापडली म्हणून वाचलो.

चौथी ठरेना. बाजारात अशा तयार रायफली किती आहेत याची मला कल्पना नव्हती. एकच मॉडेल, त्यात अकरा कॅलिबर, म्हणजे गोळीच्या जाडीचे अकरा प्रकार. दस्ते पाच, नळ्या तीन लांबीच्या. अकरा गुणिले पाच गुणिले तीन: एका मुलीची एकशे पासष्ट स्थळं. शुभ्राने मोठा एक्सेल करून पाठवला, अठरा रकाने, रंगीत. खाली लिहिलं होतं, 'बाबा, दीज आर ऑल बेसिकली द सेम रायफल.'

मुलगी बरोबर बोलत होती. अरबाबांनीच सांगितलं होतं, सब एक जैसा. मग सारख्या गोष्टींतून निवडायचं कशाच्या आधारावर?

अठरा रकान्यांच्या शेवटी मी एकोणिसावा जोडला. तो जोडल्यावर सगळं सोपं झालं. चारही नावं अर्ध्या तासात निघाली. मी यादी दुकानात पाठवली, प्रिंट काढली, पारदर्शक फोल्डरमध्ये घातली आणि बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.


रास अल खैमा ते अबुधाबी, मी न विचारलेले प्रश्न

अरबाब, तुम्ही रागावला आहात का?

अरबाब, रागावला असाल तर किती? म्हणजे आकड्यात.

अरबाब, माफी हा शब्द तुम्ही कधी हिंदीत वापरलेला मी ऐकला नाही. तुम्ही 'माफ करना' म्हणत नाही, 'सॉरी' म्हणता. मग तो अरबीच असणार. बरोबर?

अरबाब, पण 'मुश्किल' तुम्ही हिंदीतही म्हणता. 'ये आदमी मुश्किल है,' असं तुम्ही बँकेच्या मॅनेजरबद्दल म्हणालात.

अरबाब, एसी जरा कमी करू का?

(हा विचारला. ते म्हणाले, "नहीं.")

अरबाब, खाला आता तुम्ही कुठे ठेवली आहे?

हमदुल्लाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं मी काय करतोय. अडीच तासांत त्याने तीन वेळा घसा खाकरला, मला सुरुवात करून द्यायला.


दुकान

दुकानात आम्हाला भेटला निनाद. पुण्याचा मुलगा, तीस-बत्तीसचा, आधी मोबाइल विकायचा. माझं आडनाव फोनवर ऐकून त्याने आधीच 'काका' केलं होतं.

"काका, तुमची लिस्ट पाहिली. एकदम सॉलिड. पण एक विचारू का? कॉम्बिनेशन थोडं वेगळं आहे. तीन रायफली हरणाच्या आणि एक डायरेक्ट आफ्रिकेच्या रेड्याची. मधलं काहीच नाही."

"असू दे," मी म्हटलं.

अरबाब खुर्चीवर बसले. त्यांना कहवा आला. निनादने चारही रायफली, वर दुर्बिणी बसवून, काउंटरवर मऊ कापडावर मांडल्या. बोल्ट काढून बाजूला ठेवले, म्हणजे आता त्या नुसत्या काठ्या, असं मला समजावलं. पहिलीला किमतीची चिठ्ठी लोंबत होती: नऊ हजार दिरहॅम. तोंडाने आपोआप 'दोन लाख दहा हजार रुपये' निघालं. निनादही माझ्याबरोबरच पुटपुटला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

अरबाबांनी फिनलंडची उचलली. खांद्याला लावली. खाली ठेवली. "छोटा है."

"स्टँडर्ड साइज है सर," निनाद हिंदीत सांगू लागला. "कारखाने में एवरेज आदमी का माप लेते हैं. चाप से दस्ते के आखिर तक पौने चौदह इंच."

"कौन है ये एवरेज आदमी?"

निनादने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याने रायफल माझ्या हातात दिली. "काका, तुम्ही लावून दाखवा ना सरांना."

आयुष्यात पहिल्यांदा मी बंदूक उचलली. याद्यांमध्ये ती इतकी गार नसते. खांद्याला टेकवली, गाल ठेवला, आणि काय सांगू, गाल जिथे पडायला हवा तिथेच पडला. बोट चापापाशी आपोआप पोचलं. डोळा दुर्बिणीच्या रेषेत. दुकानाच्या त्या टोकाला लटकलेल्या तंबूवरची शिवण मला दिसली, टाका न् टाका.

"परफेक्ट," निनाद म्हणाला. "काका, मी दोन वर्षांत एवढं परफेक्ट बसलेलं कुणाला पाहिलं नाही."

फिनलंडमधल्या कुणीतरी, मला न विचारता, ही माझ्या मापाची केली होती.

अरबाब कहवा पीत बघत होते. "मिल गया एवरेज आदमी," ते म्हणाले. मी घाईने रायफल खाली ठेवली.

"अब बोलो," ते म्हणाले. "ये क्यों?"

मी फोल्डर उघडला. "अरबाब, इसका पेपर ग्यारह दिन में आता है. सबसे जल्दी."

"हं. और ये जर्मनी वाला?"

"इसके साथ टेस्ट सर्टिफिकेट है. दोनों तरफ स्टँप. सीरियल नंबर तीन जगह, बहुत साफ."

"ये?"

"झेक वाला. वॉरंटी कार्ड अरबी में भी है. भाषांतर नहीं करना पड़ता."

"और ये भैंस वाली?"

"इसका आयात-परवाना का फॉर्म..." मी म्हणालो, आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. "फॉर्म बहुत अच्छा है, अरबाब."

निनादने हळूच कापडाची सुरकुती सरळ केली.

अरबाबांनी कप खाली ठेवला. रागाने नाही. अगदी अलगद. "सादा," ते म्हणाले, "तुमने फिर कागज उठाया."

एकोणिसावा रकाना. दोन आठवडे, अठरा रकाने, एकशे पासष्ट स्थळं, आणि मी पुन्हा त्याच पाण्यात उभा होतो, पुन्हा अकरा फाइली छातीशी धरून. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. म्हणून विचारलं.

"अरबाब, उस दिन आप बोला, माफी मुश्किल."

"हां."

"अरबी में बोला, या हिंदी में?"

मला वाटलं ते हसतील. हमदुल्ला दारात उभा होता, तोही हसायला तयार होता. अरबाब हसले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला. मान थोडी वाकडी करून, जसं कुणी फार जुनी तारीख आठवतं.

"पहले अरबी में बोला," ते म्हणाले. "फिर नीचे गया. कपाट खोला. खाला को देखा." त्यांनी हाताने काहीतरी फुगल्यासारखं दाखवलं. "तब हिंदी में हो गया."

मी फोल्डर मिटला.

"सोलह महीना हिंदी में था, अरबाब?"

"हां. मैंने कोशिश किया. हर गुरुवार कोशिश किया. तुम खजूर खाता है, मैं देखता हूं, और मेरे अंदर से बात नहीं निकलता." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "फिर मैंने सोचा, दो रास्ता है. आदमी बदलो, या बंदूक बदलो. आदमी सत्ताईस साल में बना है. ऑर्डर वाला है. ऐसा दूसरा डिब्बे में नहीं आता." त्यांनी काउंटरकडे हनुवटीने खूण केली. "ये आता है. कल पानी में गया, परसों दूसरा आएगा, वही नंबर, वही माप. इसके लिए मैं किसी से नाराज नहीं हो सकता. समझा?"

मला समजलं. मी मान हलवली.

निनाद नाक ओढत म्हणाला, "सर, टेस्टिंग रेंज बुक करूं? लोग पहले अ‍ॅक्युरसी देखते हैं."

"अ‍ॅक्युरसी बाद में," अरबाब म्हणाले. ते खुर्चीत सरसावून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी सोळा महिन्यांत पाहिलं नव्हतं. गोष्ट सुरू करण्याआधी यायचं ते. "ऊपर क्या है?"

"ऊपर? टेंट, स्लीपिंग बॅग, बाज पक्षी का सामान."

"सीढ़ी है?"

"चौदह सीढ़ी."

"अच्छा. चारों थैली में डालो. सादा को दो. पानी आया है, ये ऊपर लेके जाएगा. मैं टाइम देखता हूं. जो उठेगा वो खरीदेंगे."

निनाद माझ्याकडे वळला. "काका, हे सीरियस आहेत?"

"अरबाब," मी म्हटलं, "दो चक्कर में..."

"नहीं. एक चक्कर. दूसरे चक्कर में तुम कागज लेने जाएगा, मुझे मालूम है."


पायऱ्या

एक. फिनलंड उजव्या खांद्यावर, जर्मनी डाव्या. पट्टे छातीवर आडवे. झेक डाव्या हातात. भैंस वाली उजव्या हातात, चार किलोच्या वर, लांब पिशवीत.

दोन. निनाद मागून, हात पसरून, जसं लहान मुलामागे चालतात.

तीन. "मागे येऊ नकोस रे." "काका, मॅनेजर बघतायत."

चार.

पाच. उजवा गुडघा बोलला.

सहा. इथे एप्रिलमध्ये पायऱ्या संपल्या होत्या. इथे अजून आठ.

सात. खालून अरबाब: "तीस सेकंड. पानी कमर तक है." हमदुल्ला: "सदा भाई, यल्ला."

आठ. जर्मनीचा पट्टा घसरला. मोठ्या घरातली असली म्हणून काय.

नऊ. भैंस वाली हातातून सुटू लागली. मी तिला गुडघ्याने अडवलं, मग कोपराने, मग हनुवटीने दाबून धरलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

खालून अरबाब हसले. मोठ्याने. कहवा देणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला. "भैंस वाली छोड़ दो, सादा. तीन काफी है."

"नहीं, अरबाब."

"मैं बोलता हूं छोड़ दो. किसको मारना है भैंस? इस उमर में?"

हनुवटी उघडून उत्तर देणं शक्य नव्हतं. मी दात आवळून जे म्हणालो ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

दहा. अकरा. बारा. हे एकदम झाले, कसे ते विचारू नका.

तेरा. बहिरी ससाण्यांच्या चामडी टोप्या दिसायला लागल्या, ओळीने.

चौदा.

"एक मिनट बीस," निनादने वरून ओरडून सांगितलं, मॅनेजर बघत असूनही.

मी तंबूंच्या मधोमध उभा होतो. चारही रायफली माझ्या अंगाला होत्या. हात असे आखडले होते की एकही खाली ठेवता येईना, आणि हनुवटीखाली रेडा. वर कसं जायचं ते ठरलं होतं. खाली कसं यायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं.

"अरबाब," मी कसाबसा म्हणालो, "अब?"

खालून नव्या कहव्याचा वास आला. कपात कहवा ओतल्याचा आवाज आला. अरबाबांना घाई नव्हती.

"वहीं रहो," ते म्हणाले. "पानी उतरेगा, तब आना."